भिंतीआड काय आहे : नागपुरातल्या एका शाळेच्या बांधकामाच्या नोंदी

मी नागपुरातल्या एका लहान वास्तुरचना कार्यालयात मॉडेलचं काम बघते. एका जुन्या मराठी शाळेची नवी इमारत आम्ही बिम पद्धतीने, म्हणजे आधी संगणकावर तिचं माहितीसकट मॉडेल उभं करून केली. त्या काळात वहीत जे लिहीत गेले, त्यातल्या या नोंदी. शाळेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

१४ फेब्रुवारी २०२३

आज पहिल्यांदा शाळेत गेले. उमरेड रोडच्या बाजूला जुनी वस्ती, दुतर्फा कडुनिंब. मुख्याध्यापिका बाईंनी चहा सांगितला, पण तो यायच्या आधीच मला मागच्या व्हरांड्यात नेलं. भिंतीवर सिमेंटची तीन ठिगळं होती. मागच्या पावसाळ्यात पाणी पाझरायला लागलं. पाइप कुठून जातो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या जागी फोडलं तर नुसती वीट. दुसऱ्या जागी विजेची नळी लागली आणि दोन वर्ग चार दिवस अंधारात राहिले. पाइप तिसऱ्या जागी सापडला.

इमारत १९७० च्या दशकातली. नकाशे होते म्हणतात, पण कपाटासकट वाळवीने खाल्ले. ज्या मिस्त्रीला सगळं तोंडपाठ होतं, तो गेला.

नवी इमारत तळमजला अधिक दोन. तिच्यात बारा वर्ग. प्रयोगशाळा जुन्या इमारतीतच राहणार. विश्वस्तांची यादी मोठी होती. बाईंचं मागणं एकच : "या वेळी भिंतीआड काय आहे ते आम्हाला ठाऊक असू दे."

परतताना ठरवलं, हे काम मॉडेलवरच करायचं. बाईंनी न कळत तेच मागितलं आहे.

२ मार्च २०२३

विश्वस्तांसमोर बिम म्हणजे काय ते सांगायचं होतं. नेहमीच्या संगणकी नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्या भिंतीच्या आहेत हे बघणाऱ्याला कळतं, संगणकाला नाही. मॉडेलमध्ये भिंत ही भिंतच असते : जाडी किती, वीट कोणती, कुठल्या मजल्यावर, तिच्यात खिडकी कोणती. खिडकी मोठी केली की नकाशा, उभा छेद, खिडक्यांची यादी, विटांचा हिशेब सगळं सोबत बदलतं. ही कल्पना नवी नाही. वास्तुरचनेचे अमेरिकी अभ्यासक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकातच इमारतीचं असं वर्णन संगणकात साठवण्याची पद्धत मांडली होती. ती पेलणारे संगणक आमच्यासारख्या कार्यालयांच्या टेबलावर यायला मात्र पुढे कित्येक वर्षं गेली.

एका विश्वस्तांनी विचारलं, "हे मेट्रोवाल्यांनी केलं तेच ना?" बरोबर. नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बिम वापरलं : तीन मिती, चौथा वेळ, पाचवा खर्च. वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल रोज पाहणाऱ्याला ते समजावणं सोपं जातं. त्यांचा पसारा प्रचंड. आमच्याकडे तीन माणसं आणि एक बऱ्यापैकी संगणक. म्हणून काय करायचं नाही, ते आधी ठरवलं. बाकं, कपाटं नुसत्या आकारापुरती. सांगाडा ३५० च्या पातळीचा, म्हणजे एक भाग दुसऱ्याला जिथे भेटतो तो सांधाही दिसेल इतका. संडास-बाथरूम आणि जमिनीखालच्या लाइनी जितक्या बारकाईने काढता येतील तितक्या.

बिमची माहिती कशी सांभाळावी हे सांगणाऱ्या आयएसओ १९६५० या मानकाचा सगळा डोलारा आमच्या कामाला झेपणारा नाही. पण त्यातला एक विचार मी घट्ट धरला : मॉडेल उघडण्याआधी विचारायचं की कोणाला, कोणता निर्णय घ्यायला, कोणती माहिती लागणार. आमचं ते पत्रक एका पानाचं झालं. सगळ्यात वर बाईंचं वाक्य लिहिलं.

२१ मार्च २०२३

पाच ठिकाणी खड्डे घेतले. वर काळी माती, कुठे दोन मीटर, कुठे पावणेतीन. खाली मुरूम. विदर्भातल्या माणसाला काळ्या मातीबद्दल सांगावं लागत नाही : पावसात फुगते, मे महिन्यात तिच्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. जुन्या इमारतीच्या कोपऱ्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेल्या तड्यांचं कारण तेच.

पाचही खड्ड्यांचे थर मॉडेलमध्ये पृष्ठभाग म्हणून टाकले. मुरुमाचा उतार पूर्वेकडे निघाला, म्हणजे पूर्वेची फूटिंगं, खांबांचे पाये, जास्त खोल जाणार. खोदाईचा आकडा आता अंदाजपंचे राहिला नाही. प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्याच्या तुळईच्या, खाली पोकळी ठेवायची, माती फुगली तर बीमला ढकलू नये म्हणून.

आरसीसी कन्सल्टंटशी भूकंपाबद्दल बोलणं झालं. नागपूर झोन २ मध्ये, सगळ्यात कमी धोक्याच्या. तरी आयएस १८९३ हे भूकंपाचं भारतीय मानक शाळेला 'महत्त्व-गुणक' १.५ लावायला, म्हणजे भूकंपाचा जोर दीडपट धरायला सांगतं, साध्या घराला १. सरांनी सळयांची गुंफणही वरच्या झोनला लागते तशी करायचं कबूल केलं. खर्च थोडा वाढेल. त्यावर वाद झाला नाही, बरं वाटलं.

१८ एप्रिल २०२३

आजचा सगळा दिवस उन्हाचा. बाहेरही आणि पडद्यावरही.

विश्वस्तांना इमारतीचं लांब तोंड रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला हवं होतं. शाळा रस्त्यावरून दिसावी, ही इच्छा चुकीची नाही. पण मॉडेलमध्ये २१ मार्च, दुपारचे चार लावले तर साठ सेंटिमीटरचा छज्जा असूनही ऊन खिडकीतून सव्वातीन मीटर आत येत होतं. वर्ग खिडकीपासून आत साडेसहा मीटर. म्हणजे निम्म्या पोरांच्या पाठीवर ऊन, तेही वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. चित्र दाखवलं, मग कुणी हट्ट धरला नाही. इमारत काटकोनात फिरवली. वर्गांच्या खिडक्या उत्तर-दक्षिण, आणि पश्चिमेच्या टोकाला जिना व स्वच्छतागृहं. संध्याकाळचा तडाखा ती खातील.

दक्षिणेला व्हरांडा. नागपूर २१.१५ अंश उत्तरेला. २२ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य इथे जवळजवळ ४५ अंशांवर असतो, म्हणजे जेवढा व्हरांडा रुंद, तेवढीच सावली भिंतीवर खाली उतरते. व्हरांडा २.१ मीटर, स्लॅबची खालची कड ३ मीटरवर. सावली जमिनीपासून ९० सेंटिमीटरपर्यंत येते, आणि खिडकीचा कठडाही ९० सेंटिमीटरवर. हे गणित जुळलं तेव्हा फार आनंद झाला. डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास मात्र हातभर ऊन खिडकीतून आत येतं. तेव्हा ते हवंच असतं.

उत्तरेला छज्जा कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. नागपुरात २६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो आणि मग जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. सकाळ-संध्याकाळ तर तो उत्तरेच्या भिंतीवर चांगलाच येतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे नेमक्या याच दिवसांत. उत्तरेलाही छज्जा आणि दोन्ही बाजूंना उभी पाखं दिली.

२५ एप्रिल २०२३

बाईंना मॉडेलमधून फिरवलं. वर्गात शिरल्या आणि थांबल्या. "फळा कुठे आहे? उजेड उजवीकडून येतोय."

उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर हाताची सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून हवा. मोठ्या खिडक्या उत्तरेला, म्हणून मुलांची तोंडं पूर्वेला आणि फळा पूर्वेच्या भिंतीवर. मी एक वर्ग तसाच काढला होता. बाकीचे करताना वर्गांच्या जोड्या समोरासमोर आरशासारख्या पालटल्या, कारण मधल्या भिंतीत विजेच्या नळ्या एकत्र घेता येत होत्या. त्यात बारापैकी सहा वर्गांचे फळे पश्चिमेला गेले. संगणकाच्या लेखी त्यात काहीच चुकलं नव्हतं. बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना दारातच कळलं.

सहाही वर्ग पुन्हा लावले. नळ्यांची लांबी थोडी वाढली.

१२ जून २०२३

आरसीसीचं आणि प्लंबिंगचं मॉडेल आमच्या मॉडेलवर ठेवून क्लॅश, म्हणजे एक वस्तू दुसरीत घुसते त्या जागा, तपासले. ४१२ निघाले. आकडा बघून घाबरायचं नसतं. पाइप गिलाव्याला टेकतो, कठडा फरशीत अर्धा इंच रुततो, असलेच बहुतेक. चाळून चाळून १९ खरे उरले.

त्यातला मोठा म्हणजे दोन्ही वरच्या मजल्यांवर संडासाचा ११० मिलिमीटरचा पाइप २३० बाय ४५० च्या बीममधून जात होता. असं साइटवर लक्षात आलं की काय होतं, ते मी पूर्वीच्या एका कामावर पाहिलं आहे. कोअर कटर येतो, भोक पडतं, सळई कापली जाते, वरून गिलावा होतो आणि कुणी बोलत नाही. इथे आम्ही संडासाची भिंत ३०० मिलिमीटर सरकवली. संगणकावर दहा मिनिटं लागली.

दुसरा क्लॅश यादीत नव्हता, बाहेर पडायच्या वाटा तपासताना दिसला. वर्गाचं दार बाहेर उघडायला हवं, घाईत आतल्या गर्दीने ते ढकलता यावं म्हणून. पण मीटरभराचं दार २.१ मीटरच्या व्हरांड्यात उघडलं की १.१ मीटर वाट उरते. चार वर्ग एकाच वेळी बाहेर पडले तर? सगळी दारं भिंतीत मागे, कोनाड्यात घेतली. जिने दोन, दोन्ही टोकांना, प्रत्येक दीड मीटर रुंद. कुठल्याही वर्गातून जिन्यापर्यंतचं अंतर ३० मीटरच्या आत आहे, हे मी दारादारातून मोजून पाहिलं.

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आगीत ९४ मुलं गेली. मी तेव्हा स्वतः शाळेत होते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो होतो. जिन्याची रुंदी टाकताना ती शांतता आठवते.

५ जुलै २०२३

शाळा सुरू झाल्यावर बाईंनी सुचवलं म्हणून नववीच्या मुलामुलींना मॉडेल दाखवलं. प्रोजेक्टर, बंद खिडक्या, पन्नासेक पोरं. मुलांचे प्रश्न मैदानाचे, पंख्यांचे. मुली गप्प होत्या. तास संपल्यावर तिघी माझ्याजवळ आल्या. एकीने हळूच विचारलं, "मॅडम, जिन्यावर त्या वळणावर जी खिडकी आहे ना, तिथून आमच्या बाथरूमचं दार दिसते का?"

मॉडेलमध्ये त्या वळणावर उभी राहून खाली पाहिलं. दार दिसत होतं, आणि दार उघडं असेल तर आतलं बेसिनही. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह शिक्षण हक्क कायद्यातच आहे, आम्ही ते दिलंही होतं. पण रोज जिन्यावरून कुणीतरी बघत असेल तर मुली तिथे जायचं टाळतात, दिवसभर पाणी पीत नाहीत. हे मला मुलगी म्हणून माहीत होतं, आणि तरी सुटलं.

संध्याकाळीच प्रवेश फिरवला, समोर आडभिंत घेतली, वळणावरची खिडकी जाळीची करून पश्चिमेकडे नेली. ४१२ मध्ये हा एक नव्हता. तो कुठल्याच यादीत आला नसता.

२७ जुलै २०२३

मंजुरीचे नकाशे दाखल केले. नेहमीसारखे सपाटच, मॉडेलमधून काढलेले. यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे क्षेत्रफळाचे तक्ते आपोआप आले, एवढं सुख.

२३ सप्टेंबर २०२३

पहाटे फोन वाजायला लागले. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरात शिरली. आमच्या ओळखीच्या एका घरात माळ्यावरच्या वस्तू सोडून काही उरलं नाही. शाळांना सुट्टी दिली. आज दुसरं काही लिहिणं शक्य नाही.

२९ सप्टेंबर २०२३

आमची जागा नाग नदीच्या काठची नाही. तरी बाईंनी त्या सकाळी फाटकापाशी किती पाणी होतं त्याची खूण भिंतीवर खडूने करून ठेवली होती. लेव्हल मशीन लावून ती खूण मॉडेलमध्ये आणली. आमचा प्लिंथ रस्त्यापासून ६० सेंटिमीटर. पाणी त्याच्या जवळ आलं होतं. विजेचं पॅनेल तळमजल्यावर, आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण तर अंगणाच्या पातळीवर.

प्लिंथ ९० सेंटिमीटर करायचा ठरला. हा एक आकडा बदलला की कुठे कुठे काय हलतं, ते मॉडेलने दाखवलं. १:१२ च्या उताराने रॅम्प ७.२ मीटरचा होता, तो १०.८ झाला. मध्ये विसावा धरला तर सरळ बसेना, म्हणून दुमडून घेतला. भराव ४२० चौरस मीटरवर ३० सेंटिमीटर, म्हणजे १२६ घनमीटर वाढला. ठेकेदार घनमीटरमध्ये विचार करत नाही. त्याने विचारलं, "ब्रास किती?" दाबून बसण्याचा पाव हिस्सा धरून ५६ ब्रास मुरूम. तासाभरात खर्च विश्वस्तांसमोर होता. पॅनेल जिन्याखालून उचलून पहिल्या मजल्यावर नेलं, टाकीच्या झाकणाला गळा चढवला.

२४ ऑक्टोबर २०२३

दसरा. शाळेत भूमिपूजन, साधंच. बाईंनी पाचवीच्या एका मुलीच्या हातून पहिली कुदळ मारवली. दुपारी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांनी सगळे रस्ते भरलेले, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पाठीवर लेकरं, हातात पुस्तकांच्या पिशव्या. आमच्या मजुरांपैकी बरेचजण तिकडे. काम परवा सुरू.

१८ नोव्हेंबर २०२३

साइटवर 'बिम' म्हटलं की सगळे बीमकडे बघतात. त्यामुळे दोन दिवस गोंधळ झाला. आता आम्ही नुसतं 'मॉडेल' म्हणतो.

प्लिंथ बीमची सळई बांधायला घेतली. बांधणारे मिस्त्री भंडाऱ्याचे, वय साठीकडे. टॅबलेटवर मॉडेल दाखवलं तर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, सळाख तं बसते. पण गिट्टी कोठून जाईन?"

पहिल्या मजल्याच्या मोठ्या बीमबद्दल बोलत होते. रुंदी २३०, त्यात २० च्या पाच सळया एका ओळीत. मी म्हटलं, क्लॅश तपासलेत, सळई सळईला लागत नाही. ते म्हणाले, "लागत नाही ना जी. पण लागली नाही म्हणजे झालं का?"

तिथेच वहीवर हिशेब केला. दोन्ही बाजूंचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, २५-२५, रिंग ८-८, उरले १६४. पाच सळयांचे १०० गेले, राहिले ६४, त्याच्या चार फटी. एकेक फट १६ मिलिमीटर. आमची गिट्टी २० मिलिमीटरची! आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे ही फट गिट्टीपेक्षा किमान ५ मिलिमीटर जास्त हवी. खाली काँक्रीट उतरलंच नसतं, वरून स्लॅब गुळगुळीत दिसला असता आणि बीमच्या पोटात मधमाशीचं पोळं राहिलं असतं.

कन्सल्टंट सरांना फोन लावला. त्यांनी तपासून तीन सळया खाली आणि दोन दुसऱ्या थरात असं दिलं. आता फट ५२, काँक्रीट हलवून बसवायची चाळीसची नीडलही आत जाते. मॉडेलमध्ये मी एक नवा नियम टाकला आहे : सळयांमधलं अंतर २५ पेक्षा कमी असेल तर लाल. त्याला मिस्त्रींचं नाव दिलं. त्यांना सांगितलं तर लाजले.

९ जानेवारी २०२४

चूक माझी. तळमजल्याची ड्रेनेज लाइन खोदताना जुन्या कुठल्यातरी पायाचा दगडी तुकडा लागला. प्लंबरने शहाणपणाने लाइन चाळीस सेंटिमीटर बाजूने नेली आणि चेंबर जोडलं. मला कळलं दोन आठवड्यांनी, भराव झाल्यावर. साइटवरच्या टॅबलेटमध्ये तीन आठवड्यांपूर्वीचं मॉडेल होतं, तेही मीच बदललं नव्हतं.

म्हणजे बाईंच्या एकमेव मागण्याला पहिल्याच लाइनीत तडा. भराव दोन जागी उकरून लाइन पुन्हा मोजली. बाईंना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, "आता बरोबर लिहिलं ना?" एवढंच विचारलं.

आजपासून नियम : आधी फोटो आणि माप, मग मुरूम. कुठलीही लाइन झाकण्याआधी टेप लावून फोटो, त्याच दिवशी संध्याकाळी मॉडेलमध्ये. नंतर जोडलेली ओळ : ठेकेदाराने आधी कटकट केली. मग बिलाच्या वेळी मोजमापावरून भांडण झालं नाही, तेव्हापासून तोच फोटोची आठवण करतो.

१९ एप्रिल २०२४

मतदान. जुन्या इमारतीत बूथ आहे. बालाघाट, छिंदवाड्याकडचे मजूरही गावी गेले, तिकडेही आजच मतदान. दुसरा स्लॅब आठवडाभर पुढे. वेळापत्रक मॉडेलला जोडलेलं असल्याने पावसाआधी तिसरा स्लॅब होतो की नाही हे लगेच दिसलं. जेमतेम होतो. ऊन बघता काँक्रीट संध्याकाळी सहानंतरच टाकायचं, आणि सकाळी उजाडायच्या आत ओली पोती.

१४ जून २०२४

तिसरा स्लॅब परवा झाला, पाऊस अजून नाही. मिस्त्रींनी नारळ फोडला. पुढचे चार महिने आत वीटकाम, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेच्या विटांचं. गच्चीवर कोब्यावर पांढरी चायना मोझाइक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांचा थर, वरचे वर्ग कमी तापावेत म्हणून.

१० मार्च २०२५

हस्तांतर. यावर मी महिनाभर विचार करत होते. मॉडेलची फाइल शाळेच्या संगणकावर उघडत नाही, आणि उघडली तरी ती कोण बघणार? इमारत सांभाळणार शिपाई काका.

म्हणून तीन गोष्टी दिल्या. एक, आयएफसी फाइल. हा खुला प्रकार आहे, कुठल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरचा नाही, त्यामुळे वीस वर्षांनी कुणी अभियंता आला तर त्याला ती उघडता यावी. दोन, तक्ता : प्रत्येक खोलीतले पंखे, व्हॉल्व्ह, पंप, कधी बसवले, वॉरंटी कधीपर्यंत. तीन, मोठ्या कागदावर छापलेली भिंतींची चित्रं, प्रत्येक मजल्याचा एक गठ्ठा, प्लास्टिकमध्ये.

ही तिसरी गोष्ट काकांनी सुधारली. मी मापं कॉलमच्या मध्यरेषेपासून मिलिमीटरमध्ये दिली होती. ते म्हणाले, "मॅडम, हे मधली रेषा मले कोठी दिसन? दाराच्या चौकटीपासून सांगा. अन् फूट-इंचात." बरोबर आहे. मध्यरेषा कागदावर असते, चौकट हाताला लागते. आठ दिवस लागले, सगळी मापं चौकटीपासून, फूट-इंचात पुन्हा काढली. खोल्यांची नावंही त्यांची : 'पूर्वेचा खालचा वर्ग', 'नळाजवळचा'.

गठ्ठा ठेवायला बाईंनी लोखंडी कपाट घेतलं.

१७ जुलै २०२५

काकांचा सकाळी फोन. पहिल्या मजल्यावर मुलींच्या स्वच्छतागृहात भिंत ओली. "तुमी येऊ नका, मी पाहतो," म्हणाले. तरी गेले.

पोचले तेव्हा ते गुडघ्यावर बसले होते. शेजारी चित्र उघडलेलं, वर पाना ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून. चौकटीपासून टेप धरला. दोन फूट तीन इंच, जमिनीपासून एक फूट आठ. बोटाने टाइलवर टकटक केलं, छिन्नी लावली, एकच टाइल काढली. आत व्हॉल्व्ह होता, त्याच्या गळ्याशी पाणी जमलेलं. वॉशर बदललं. दहाच्या सुट्टीआधी मुली परत तिथे जाऊ लागल्या.

बाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, खाली पडलेली ती टाइल उचलून पुसून काकांच्या हातात दिली.

निघताना काकांनी खिशातली छोटी वही काढली. तारीख, कुठला व्हॉल्व्ह, काय बदललं, त्यांनी लिहून ठेवलं होतं. पान दाखवून म्हणाले, "हे तुमच्या त्या मॉडेलात टाकून द्या."

दुपारी टाकलं.